खेळायला नकार: सामाजिक प्रश्नासाठी व्यावसायिक खेळाडूंनी मैदानात न उतरणं पटतं का?

मध्यंतर
ऑगस्ट २०२० मधली गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशात जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, माणूस वाचला पण कमरेखाली लुळा झाला. तीन दिवसांनी, २६ ऑगस्टला, त्याच राज्यातला मिलवॉकी बक्स हा एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) संघ प्लेऑफच्या सामन्यासाठी कोर्टवर आलाच नाही. समोरचा ऑर्लँडो मॅजिकचा संघ वॉर्मअप करून तयार, आणि हे लॉकररूमचं दार लावून आत बसलेले. मग त्या दिवशीचे बाकीचे दोन्ही सामनेही झाले नाहीत, महिलांची डब्ल्यूएनबीए थांबली, बेसबॉल-फुटबॉलचे काही सामने गेले, टेनिसमध्ये नाओमी ओसाकाने सेमीफायनल खेळणार नाही म्हणून सांगितलं.

आता माझं मत. खेळाडूने बोलावं, लिहावं, टीशर्ट घालावा, गुडघ्यावर बसावं, सगळं मान्य. पण ज्या कामाचे पैसे घेता तेच काम करायचं नाही? आणि त्यातून झालं काय? जानेवारी २०२१ मध्ये सरकारी वकिलाने जाहीर केलं की पोलिसावर गुन्हा दाखल होणार नाही. म्हणजे तीन दिवस खेळ बंद, पेपरात फोटो, आणि सगळे परत आपापल्या जागी. तुम्हाला काय वाटतं? शक्यतो मुद्द्याला धरून बोला.

टवाळ
पहिला!
"मुद्द्याला धरून" वाचून हसलो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सीमारेषा
साफ असहमत. तुम्ही ज्या पद्धती "मान्य" म्हणून यादीत घातल्यात ना, त्यातली गुडघ्यावर बसायची पद्धत अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकने २०१६ मध्ये वापरली. एकही सामना बुडवला नाही, राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि नंतर नेमून दिलेलं काम केलं. त्याचं काय झालं? तो सीझन संपल्यावर एनएफएलमध्ये त्याला कुठल्याही संघाने घेतलं नाही. म्हणजे खेळून निषेध केला तरी घरीच बसायचंय. "निषेध करा पण कोणाची गैरसोय होऊ देऊ नका" म्हणणाऱ्यांना मुळात निषेधच नको असतो असं माझं निरीक्षण आहे, तुम्ही त्यातले आहात असं नाही म्हणत हं.

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवून करार बघा. एनबीए आणि खेळाडू संघटनेच्या करारात संप करायचा नाही असं कलम आहे. त्यामुळे बक्सनी जे केलं ते सरळसरळ कराराबाहेरचं होतं, लीगला वाटलं असतं तर सामना मॅजिकला बहाल करून दंड ठोकता आला असता. झालं उलटंच. मॅजिकनेच तसा फुकटचा विजय घ्यायला नकार दिला आणि लीगने "सामना पुढे ढकलला" असं जाहीर करून टाकलं. हा सगळा बाजारभावाचा खेळ आहे. यानिस आंतेतोकुम्पोसारखा स्टार ज्या संघात होता त्यावर कारवाई कोण करणार? बेंचवरच्या बाराव्या माणसाने एकट्याने हेच केलं असतं तर दुसऱ्या दिवशी सामान भरून बाहेर.

मध्यंतर
@हिशेबनीस हेच म्हणतोय मी. ज्यांना काही होणार नाही तेच करतात. आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने काय घोडं मारलंय?

सीमारेषा
कुठला प्रेक्षक? कोविडचा काळ, फ्लोरिडात डिस्नेच्या आवारात सगळे संघ कोंडलेले, सामने रिकाम्या हॉलमध्ये, प्रेक्षक म्हणजे पडद्यावरचे चेहरे. तिकीटच विकलं नव्हतं हो.

टवाळ
मध्यंतर १, सीमारेषा २. पुढे चालू.

जुनाट
काही होणार नाही तेच करतात हे काही खरं नाही. १९६१ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा बास्केटबॉल संघ केंटकीतल्या लेक्झिंग्टनला प्रदर्शनीय सामन्यासाठी गेला होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला द्यायला नकार मिळाला. बिल रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी म्हणाले, मग आम्ही खेळत नाही. कोच रेड आउरबाख यांनी समजावून बघितलं, ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांना विमानतळावर सोडलं. समोरच्या संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनीही तेच केलं. आणि पुढचं ऐका, सामना रद्द झाला नाही! उरलेल्या गोऱ्या खेळाडूंमध्ये तो खेळवला गेला. तेव्हा कोणी जर्सीवर घोषणा छापून पाठीशी उभं नव्हतं.

आता १९६५ चं उदाहरण घ्या. अमेरिकन फुटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला होता. नागरी हक्क कायदा आदल्याच वर्षी झालेला, कागदावर सगळं समान. प्रत्यक्षात विमानतळावर टॅक्सीवाले या खेळाडूंना घेईनात, क्लबच्या दारातून परत पाठवलं जातंय. २१ कृष्णवर्णीय खेळाडूंनी बैठक घेऊन ठरवलं की या शहरात खेळायचं नाही. काही दिवसांत अख्खा सामना ह्यूस्टनला हलवला! का हलवला? कारण एकतर संख्या, आणि दुसरं म्हणजे न्यू ऑर्लिन्सला स्वतःचा व्यावसायिक संघ हवा होता, त्यासाठी शहर वर्षानुवर्षं खटपट करत होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं ते असं.

१९६१ ला सहा-सातजण आणि एक किरकोळ सामना, १९६५ ला २१ जण आणि शहराची इभ्रत पणाला. धागाकर्त्याने विचारलेल्या "त्यातून काय होतं" ला माझ्यापुरतं उत्तर हे, की ते यावर ठरतं.

मृणाल_
@जुनाट प्रतिसाद आवडला. पण आपण सगळे अमेरिकेत का रमलोय? पालवणकर बंधू विसरलात का?

मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांच्या (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे चार संघ) काळात हिंदू संघाचा सगळ्यात मोठा गोलंदाज म्हणजे पालवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. पण चांभार समाजातले, म्हणून पुण्यात खेळताना चहाच्या वेळी सगळे आत आणि यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. वर्षानुवर्षं संघ यांच्या जिवावर जिंकायचा आणि कप्तानपदाची वेळ आली की नाव दुसऱ्याचं. १९२० मध्ये ठरलेला कप्तान आजारी पडला, बाळू संघात नव्हते, तेव्हा धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांना डावलून दुसऱ्यालाच कप्तान केलं. दोघांनी काय केलं, संघातून नाव काढून घेतलं! आणि गुपचूप घरी नाही बसले, जातीमुळे आमचा अपमान झालाय हे निवेदन काढून जाहीर सांगितलं. गवगवा झाला, मग बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं आणि भाऊ परत आले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि संघाने युरोपियनांना हरवलं.

शंभर वर्षांपूर्वी, त्या समाजात, या दोघांकडे कुठला यानिसचा भाव होता? होतं ते एवढंच की त्यांच्याशिवाय संघ लंगडा पडत होता. धागाकर्ते म्हणतात ते "काम न करणं" या दोघांनी केलं नसतं तर १९२३ उजाडलं असतं का, मला शंका आहे.

अनघाशी
मृणालताई, हे निवेदनाचं माहीत नव्हतं. शाळेत देवधर, सी. के. नायडू सगळे शिकवले, हे कोणी सांगितलं नाही.

मध्यंतर
मृणाल, उत्तम माहिती. पण एक फरक मांडतो. पालवणकर किंवा बिल रसेल, यांचा स्वतःचा अपमान झाला होता. त्यांनी नकार दिला हे नैसर्गिक. बक्सचा जेकब ब्लेकशी काय संबंध? कोणीतरी कुठेतरी अन्याय सोसतोय म्हणून मी ऑफिसला जाणार नाही, असं आपण करतो का?

सीमारेषा
स्टर्लिंग ब्राउन हे नाव शोधा. बक्सचाच खेळाडू. जानेवारी २०१८ मध्ये मिलवॉकीत औषधाच्या दुकानाबाहेर चुकीच्या पार्किंगवरून पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडून टेझरचा झटका दिला, शहराला नंतर साडेसात लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. २६ ऑगस्टला लॉकररूममधून बाहेर येऊन निवेदन वाचणाऱ्या दोघांपैकी एक हाच. दुसरा जॉर्ज हिल. आता सांगा काय संबंध ते.

टवाळ
३.

कॉम्रेड काका
मी आयुष्यभर कामगार संघटनेत काढलं, खेळातलं फार कळत नाही, पण संपातलं थोडं कळतं म्हणून लिहितो. संप करणं सोपं असतं, संप मागे घेणं अवघड. गेटवर पहिल्या दिवशी सगळेच असतात. चौथ्या दिवशी साहेब विचारतो, "बोला, काय पाहिजे?", तेव्हा खिशात कागद लागतो, त्यावर मागणी लागते, आणि ती मागणी समोरच्याच्या हातात असलेली लागते. आमच्याकडे एकदा तीन आठवडे काम बंद होतं आणि शेवटी लक्षात आलं की आम्ही जे मागतोय ते मॅनेजरच्या हातातच नाही, ते मुख्य कार्यालयाच्या हातात आहे, आणि मुख्य कार्यालयाला आमच्या युनिटचा माल बंद झाल्याने काडीचा फरक पडत नाहीये. हात हलवत परत गेलो.

तर या बास्केटबॉलवाल्या पोरांनी नक्की कोणाकडे काय मागितलं? पोलीस काही एनबीएचा कमिशनर चालवत नाही.

हिशेबनीस
काका, एकदम वर्मावर बोट. त्यांनी लॉकररूममधूनच राज्याच्या ॲटर्नी जनरलला आणि लेफ्टनंट गव्हर्नरला फोन लावला, आणि निवेदनात मागितलं की राज्याच्या विधिमंडळाने परत बसून पोलीस सुधारणांवर काहीतरी करावं. गव्हर्नरने ३१ ऑगस्टला विशेष अधिवेशन बोलावलंही होतं. ते उघडलं आणि चर्चा न होताच लगेच तहकूब झालं. काकांच्या भाषेत, माल बंद झाल्याने त्यांना काडीचा फरक पडला नाही.

मग लीगकडून जे मिळण्यासारखं होतं ते मिळालं. सामाजिक न्यायासाठी एक आघाडी, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत संघांच्या मालकीची स्टेडियम मतदान केंद्रं म्हणून द्यायची. पण अटलांटाच्या स्टेडियमचं तर या प्रकाराच्या आधीच ठरलेलं होतं हेही लक्षात घ्या.

सीमारेषा
ठरलेलं मोजक्यांचं होतं, नंतर सगळ्या लीगचं धोरण झालं. कोविडच्या वर्षात मोठ्या हवेशीर जागेत मतदान करता येणं ही ज्या वस्त्यांत तासन्‌तास रांगा लागतात तिथे लहान गोष्ट नाही.

पटावरचा उंट
सगळे संघाचं बोलताय म्हणून एकट्यादुकट्याचं टाकतो. डिसेंबर २०१७, जागतिक रॅपिड आणि ब्लिट्झ बुद्धिबळ स्पर्धा सौदी अरेबियात. युक्रेनची अ‍ॅना मुझिचुक दोन्ही प्रकारांत गतविजेती. तिने सांगितलं की जिथे बाईला बाहेर पडायला सोबत पुरुष लागतो, अंगभर कपड्यांची सक्ती आहे, तिथे मी येत नाही. दोन्ही किताब गेले, बक्षिसाची रक्कम गेली. स्पर्धा झालीच. पुढच्या वर्षी आपली सौम्या स्वामिनाथन, महिला ग्रँडमास्टर, इराणमध्ये हमदानला आशियाई सांघिक स्पर्धा होती तिथे हिजाबच्या सक्तीमुळे भारतीय संघातून बाहेर राहिली. त्याच्या दोन वर्षं आधी नेमबाज हीना सिद्धूने तेहरानची स्पर्धा याच कारणाने सोडली होती.

यांच्या मागे ना संघटना, ना टीव्ही कॅमेरे. एकटीने नकार दिला की जागा दुसरीला मिळते, स्पर्धा वेळेवर सुरू होते. मला बक्सपेक्षा याला जास्त जिगर लागते असं वाटतं.

टवाळ
बुद्धिबळ खेळ आहे का पण? (पळतो)

पटावरचा उंट
तुमच्याशी खेळून दाखवतो, चार चालींत कळेल.

गोलपोस्ट
हिजाबचं उदाहरण आलं म्हणून विचारतो, यावर सगळ्यांचं एकमत कसं? उद्या कोणी उलट्या बाजूने नकार दिला तर? क्विंटन डी कॉक आठवा. २०२१ चा टी-२० वर्ल्डकप, दुबई, वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना. दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने सकाळी फर्मान काढलं की सगळ्यांनी गुडघा टेकायचा. हा म्हणाला मी नाही, आणि सामन्यातून बाहेर बसला. तेव्हा इथल्याच लोकांनी त्याला झोडपलं होतं. खेळाडूला विवेकाने नकार द्यायचा हक्क असेल तर तो त्यालाही आहे की. दोन दिवसांनी माफी मागून पुढच्या सामन्यात गुडघा टेकला ही गोष्ट वेगळी.

मृणाल_
@गोलपोस्ट हक्क त्यालाही आहे, नाही कोण म्हणतंय? हक्क आहे म्हणजे टीका करायची नाही असं नसतं. पण बोर्डाने सामन्याच्या दिवशी आदेश काढला हे मलाही खटकलं होतं. हुकुमावरून टेकलेला गुडघा म्हणजे कवायत झाली.

जुनाट
दक्षिण आफ्रिका आलीच आहे तर न्यूलँड्स सांगून घेतो. ३ एप्रिल १९७१, केपटाऊन. ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी दोन गौरेतर खेळाडू घेऊ का असं क्रिकेट संघटनेने विचारलं, सरकार नाही म्हणालं. माइक प्रॉक्टरने पहिला चेंडू टाकला, बॅरी रिचर्ड्सने एक धाव काढली, आणि सगळे खेळाडू सरळ मैदानाबाहेर चालते झाले. पोलॉक बंधूही त्यात. निवड फक्त गुणवत्तेवर व्हावी असं निवेदन दिलं आणि थोड्या वेळाने परत येऊन खेळ सुरू! धागाकर्त्यांना आवडेल असा संप, निषेधही झाला आणि दिवसाचा खेळही :)

गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांनाच ते पुरेसं वाटलं नाही. गौरेतर क्रिकेट संघटनेचे हसन हावांसारखे लोक म्हणत, शोभेला दोन माणसं घेऊन काय होणार, ज्या समाजात काहीच नॉर्मल नाही तिथे खेळ नॉर्मल असू शकत नाही. तो दौरा शेवटी झालाच नाही, ऑस्ट्रेलियानेच रद्द केला.

दोन बाद शून्य
आणि १९७४ चा डेव्हिस कप? भारत फायनलला, समोर दक्षिण आफ्रिका, वर्णभेदामुळे आपण खेळलो नाही आणि कप त्यांना फुकट गेला. विजय-आनंद अमृतराज ऐन भरात होते. आपल्याला तो कप आजपर्यंत एकदाही मिळालेला नाही. अभिमान वाटतो पण जीवही जळतो.

हिशेबनीस
तो निर्णय सरकार आणि टेनिस संघटनेचा, खेळाडूंचा नव्हे. या धाग्यात बसत नाही.

दोन बाद शून्य
किंमत खेळाडूंनीच मोजली ना? मग बसतो.

रात्रपाळी
कुस्तीगीरांबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून? विनेश, साक्षी, बजरंग २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसले, महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. अध्यक्षांना हटवेपर्यंत स्पर्धा खेळणार नाही म्हणाले होते. २८ मेला पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत उचललं, ते फोटो जगभर गेले. डिसेंबरमध्ये महासंघाच्या निवडणुकीत त्याच गोटातला माणूस निवडून आल्यावर साक्षी मलिकने पत्रकार परिषदेत कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि उठून गेली. ऑलिंपिक पदकविजेती बाई. इथे न खेळण्याने कोणाचं नाक दाबलं गेलं? फक्त त्यांचंच.

व्यवस्थापक
राजकीय पक्षांची नावं घेऊन पुढे जाऊ नका. कुस्तीवर स्वतंत्र धागा आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

टवाळ
माझा नव्हता ना?

व्यवस्थापक
तुमचाही होता.

अनघाशी
रात्रपाळी म्हणतात ते पटतं, महासंघाला खेळाडू नको असेल तर न खेळणं ही त्याला सोयच होते.

थोडं स्वतःचं. मी विद्यापीठाच्या खो-खो संघात होते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत मुलींना कपडे बदलायला दिलेल्या खोलीला कडी नव्हती, आणि खिडकी मैदानाकडे उघडी. आम्ही ओढण्या धरून आळीपाळीने उभ्या राहायचो. तक्रार केली तर "बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी आमची कप्तान मैदानाच्या कडेला मांडी घालून बसली, मग आम्ही सगळ्या. ती एवढंच म्हणाली, "कडी लागली की उठू." पंच घड्याळ बघतायत, मॅनेजर सर लालबुंद. पण समोरच्या संघातल्या मुलीही येऊन बसल्या आणि मग अर्ध्या तासात सुतार हजर! समोरच्या मुली बसल्या नसत्या तर वॉकओव्हर देऊन आम्हाला घरी पाठवलं असतं याबद्दल मला जराही शंका नाही. त्यामुळे मॅजिकने फुकटचा विजय नाकारला हे हिशेबनीसांनी वर लिहिलंय ना, मला त्या सगळ्या प्रकरणात तेच जास्त मोठं वाटतं.

कॉम्रेड काका
शाब्बास पोरी. "कडी लागली की उठू." ही मागणी.

सीमारेषा
अनघाशी, भारी! यावरून स्पेन. २०२३ मध्ये महिला फुटबॉल वर्ल्डकपच्या पदक वितरणात फेडरेशनचे अध्यक्ष रुबियालेस यांनी जेनी हर्मोसोचं जबरदस्तीने चुंबन घेतलं. ८१ खेळाडूंनी सही करून सांगितलं की नेतृत्व बदलल्याशिवाय देशासाठी खेळणार नाही. सप्टेंबरमध्ये आधी कोच गेला, मग रुबियालेसने राजीनामा दिला. तरीही या बायका थांबल्या नाहीत, म्हणाल्या माणूस गेला पण यंत्रणा तीच आहे. न खेळल्यास कायद्याने बंदी येऊ शकते अशी भीती घातली गेली, मग रात्रभर हॉटेलात बैठक, पहाटे पाचच्या सुमाराला तोडगा. बहुतेक जणी थांबल्या, दोघी तरीही निघून गेल्या.

काकांच्या कसोटीला पूर्ण उतरतं बघा. मागणी फेडरेशनकडे, आणि ती फेडरेशनच्याच हातातली.

मध्यंतर
सगळं वाचतोय. पालवणकर, १९६५, स्पेन आणि अनघाशींची कडी, या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते, मागणी खेळाच्याच यंत्रणेकडे होती. तिथे नकार चालतो हे मी मानतो. पण माझा मूळ प्रश्न पोलिसांच्या गोळीबारासारख्या, खेळाबाहेरच्या गोष्टीसाठी न खेळण्याबद्दल होता, आणि तिथे मी अजूनही तिथेच आहे. विधिमंडळाला फरक पडला नाही, पोलिसाला फरक पडला नाही.

पटावरचा उंट
माया मूर. मिनेसोटा लिंक्सकडून डब्ल्यूएनबीएची चार विजेतेपदं. २०१९ मध्ये, करिअरच्या शिखरावर असताना खेळणं थांबवलं, कारण जोनाथन आयरन्स नावाचा माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी वीसेक वर्षं तुरुंगात होता आणि तिला त्याच्या खटल्यासाठी वेळ द्यायचा होता. मार्च २०२० मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, जुलैत तो बाहेर आला. मागणी खेळाबाहेरची, यंत्रणा खेळाबाहेरची.

मध्यंतर
पण ते न खेळल्यामुळे झालं नाही, वकील, वेळ आणि पैसा लावल्यामुळे झालं.

पटावरचा उंट
खेळत असती तर वेळ कुठून आणला असता?

हिशेबनीस
दोघांचंही बरोबर, पण तिने कोणाचा सामना अडवला नाही, स्वतःचं काम सोडलं. करार मोडण्याचा प्रश्नच नाही. बक्सशी तुलना होत नाही.

गोलपोस्ट
आणि ओसाकाचं कोणी पूर्ण सांगितलंच नाही. ती म्हणाली खेळणार नाही, आयोजकांनी स्पर्धाच एक दिवस थांबवली, मग ती आली, सेमीफायनल जिंकली, आणि फायनल मांडीच्या दुखापतीमुळे सोडली. पुढे यूएस ओपनला सात मास्क, सातांवर पोलिसांच्या किंवा वंशद्वेषाच्या हिंसेत मेलेल्यांची नावं, आणि किताब जिंकला. सातही मास्क दिसायला फायनलपर्यंत जावं लागणार होतं!

टवाळ
म्हणजे खेळूनही निषेध होतो. मध्यंतर १ गुण मिळवतात. स्कोअर ३-२.

सीमारेषा
पण त्या मास्ककडे जगाचं लक्ष गेलं ते आधी खेळायला नकार दिला होता म्हणून.

टवाळ
थर्ड अंपायरकडे पाठवलंय.